पेरलेलं लोखंड

माझ्या वर्गात मला 'बाई' म्हणणारी ती एकटीच होती. बाकी सगळी मुलं 'बहनजी' म्हणायची. भिलाईच्या त्या शाळेत शिकवणं हिंदीतून होतं, आणि दुसरं काही होऊही शकलं नसतं, कारण एकाच टाटपट्टीवर बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि आसपासच्या खेड्यांतली छत्तीसगढी मुलं मांडीला मांडी लावून बसलेली असत. घरी ज्याची त्याची भाषा, आणि वर्गात सगळ्यांची मिळून एक मोडकीतोडकी हिंदी. सगळ्यांत मोडकी माझीच. मी 'मेरा किताब' म्हटलं की पहिल्या रांगेतला पंजाबी पोरगा मान खाली घालून हसायचा.

मी भंडाऱ्याकडची. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर भिलाईला आले. तो तिथं रशियनांच्या मदतीनं उभ्या राहत असलेल्या पोलाद कारखान्यात इलेक्ट्रिकच्या कामावर होता. सेक्टर दोनमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं होतं. सगळी क्वार्टरं इतकी सारखी की नवीन आलेली लहान मुलं शाळेतून सुटली की भलत्याच घरात शिरायची, आणि तिथली बाई त्यांना पाणी पाजून त्यांच्या घराचा नंबर शोधायला निघायची. झाडं नव्हतीच. नुकतीच लावलेली रोपं बांबूच्या जाळ्यांत उभी होती, त्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या बुंध्यालाही पुरत नव्हती. खाली लाल मुरूम, वर पांढरं ऊन, आणि लांबवर धुराडी.

मी ट्रेनिंग केलेली होते. वस्ती वाढत होती, पोरं वाढत होती, शिकवायला माणसं कमी पडत होती. म्हणून मला लगेच नोकरी मिळाली, आणि दुसरीचा वर्ग मिळाला.

ती दिवाळीनंतर आली, वर्ष निम्मं सरल्यावर. तिचे वडील तिला सोडायला आले होते. कामावरचे जाड बूट, धुतलेला पण डागाळलेला शर्ट. दारात उभे राहून त्यांनी आधी हिंदीत सुरुवात केली, मग माझं बोलणं ऐकून थांबले.

"तुमी आपल्याकडच्याच आहा ना बाई?"

"हो, भंडाऱ्याकडची."

त्यांचे खांदे एकदम सैल पडले. "मंग बरं झालं. हिले हिंदी नाही येत. इथं काई समजन का नाई, मले लई फिकीर होती."

ते कारखान्यात लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर कामाला होते. बायको गावाला होती, कारण त्यांची आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली, तिचं करायला कोणीतरी हवं. शिवाय बायकोच्या कडेवर धाकटं पोर होतं. इथं बहीण होती, ती स्वयंपाक करायची. मुलीनं शिकावं म्हणून फक्त तिला आणलं होतं. हे सगळं ते सांगत असताना ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटल्याची जुनी खपली. वडील निघाले तेव्हा ती रडली नाही. ते फाटकापर्यंत पोचले का हे तिनं खिडकीतून बघितलं, आणि मग येऊन माझ्या खुर्चीच्या पायाशी बसली. तीच तिची जागा झाली.

मधल्या सुट्टीत ती खेळायला जात नसे. माझ्याजवळ बसून भाकर खायची आणि बोलायची. तिच्या गावाला शेतांना पाणी पुरवणारी बोडी होती, तळ्यासारखी, माझ्याही गावाला होती. बोडीतलं पाणी कुठून येतं, आणि उन्हाळ्यात मासे कुठं जातात, हे ती मला सांगायची. पाणी आटायला लागलं की मासे चिखलात झोपतात, असं तिचं म्हणणं. "मंग पाणी त्याईले उठवाले येते." तिचं ऐकताना मला माझ्या घरच्या बांधावरच्या चिखलाचा वास यायचा. भिलाईत पायाला चिखल लागतच नव्हता. नुसती धूळ. आणि दिवसभरात माझ्या बोलीतलं एक वाक्यही कानावर पडत नसे. शेजारीण बिहारी, समोरची तमिळ, नवरा थकून आलेला. त्या मधल्या सुट्टीतल्या गप्पा तिला किती हव्या होत्या ठाऊक नाही, मला फार हव्या होत्या.

मग तो सजीव-निर्जीवचा धडा आला.

पुस्तकात सोपं दिलं होतं. गाय सजीव, दगड निर्जीव. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तुम्हीच सांगा, काय काय जिवंत असतं?"

मुलं तुटून पडली. कुत्रा, बैल, मुंगी. झाडावरून भांडण झालं, कारण ते चालत नाही. सूर्य जिवंत, कारण तो रोज स्वतःहून येतो. चंद्र तर नक्कीच, तो आपल्या मागे मागे घरापर्यंत येतो. एका बंगाली मुलानं सांगितलं की आगगाडी जिवंत नाही, कारण तिला ड्रायव्हर लागतो, पण ढग जिवंत आहे, कारण त्याला लागत नाही. ढग कुठून येतात यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. कारखान्याच्या धुराड्यातून. ते तर रोज दिसतच होतं.

माझ्या पायाशी हालचाल झाली. तिनं हात वर केला होता.

"बाई, भट्टी जिती आहे."

"कावून वं?" मी कारण विचारलं.

"ते खाते. दगड खाते, कोळसा खाते. सास घेते, लई मोठ्यानं घेते, बाबानं सांगतलं. आन तिले झोपू देत नाहीत. थांबली त मरते."

मी ते हिंदीत सांगितलं. वर्गात एकच गलका उठला. कितीतरी मुलांचे वडील आत काम करत होते, कोणाला ना कोणाला काही ना काही माहीत होतं. भट्टीला ताप येतो. भट्टी मळ बाहेर टाकते, तेव्हा आभाळ लाल होतं. एकानं सांगितलं की त्याच्या वडलांचे रशियन साहेब भट्टीच्या अंगाला कान लावतात, डॉक्टर लावतो तसा. हे त्याच्या मनातलं असावं, पण कोणी अडवलं नाही.

शेवटी पंजाबी पोरगा उठला. "पर उसके बच्चे कहाँ हैं? जो ज़िंदा होता है उसके बच्चे होते हैं."

मला वाटलं, झालं, हा मुद्दा बिनतोड आहे. मी तिला मराठीत सांगितलं, तो काय म्हणतो ते. तिला विचार करायला वेळही लागला नाही.

"दुसरी बनून राहिली ना!"

पहिली भट्टी पेटून फार काळ झाला नव्हता, आणि दुसरीचं काम खरंच चाललं होतं. सगळ्या भिलाईला ठाऊक होतं. ट्रेनिंगमध्ये मला याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं.

वाट काढली ती एका छत्तीसगढी मुलानं. कारखान्यासाठी ज्यांची शेतं गेली, त्यांच्यातला तो. त्याचा सरळ हिशेब होता. जे जिवंत आहे ते पेरलं की उगवतं. भट्टी काही पेरता येत नाही, पण लोखंड पेरता येईल. "बो के देख लो बहनजी. मोर ददा कहिथे, लोहा नइ जामय." म्हणजे त्याच्या वडलांच्या मते लोखंडाला कोंब फुटत नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांना ते खरं वाटलं, निम्म्यांना वाटलं बघायला काय हरकत आहे.

शाळेच्या मागे नळ होता. तिथं आम्ही वाफा केला. ज्यानं त्यानं आपापल्या मतानं काहीतरी आणलं. चणे, चिंचोके, एक काचेची गोटी, खडूचा तुकडा, कोंबडीचं पीस, नदीतला गोल गोटा. मल्याळी मुलानं लोखंडी नट आणला, चांगला जाडजूड. तो तिनं पुरला. मुठीत धरून आधी गरम केला आणि मग पुरला, कारण थंडीचे दिवस होते. प्रत्येक जागेवर एक काडी रोवली आणि रोज पाणी घालायचं ठरलं.

चणे वर आले त्या दिवशी जणू वर्गात लग्न होतं. नंतर एका चिंचोक्यानंही मान वर काढली. गोटीच्या काडीपाशी दोन मुलं रोज उकिडवी बसून बघायची, मग त्यांनी नाद सोडला. पण नटाची आशा कोणी सोडली नाही. मोठ्या बीला वेळ लागतो, हे एव्हाना त्यांनी ठरवून टाकलं होतं. आंब्याच्या कोयीला नाही का लागत.

"बाई," ती एकदा पाणी घालता घालता म्हणाली, "त्याले कसं समजत असन का वर कुठून जायचं? आत त सगळा अंधारच आहे."

"तुला काय वाटतं?"

"मले वाटते, त्याले घरचा रस्ता ठाऊक असते."

ती रात्री उठून रडते, हे मला तिच्या आत्याकडून कळलं होतं. वर्गात मात्र कधी नाही.

होळीच्या आसपास आम्ही नट उकरला. सगळा वर्ग वाकून उभा होता. नट बाहेर आला तेव्हा पोरं किंचाळली. तो फुगला होता. अंगावर लालसर खपल्या चढल्या होत्या, मातीचे गोळे चिकटले होते, आणि मधलं भोक जवळजवळ बुजलं होतं. पुरला होता त्यापेक्षा नक्कीच जाड.

"बड़ा हो गया! बहनजी, बड़ा हो गया!"

छत्तीसगढी मुलगा एकटा कमरेवर हात ठेवून म्हणाला, यह तो जंग है. मी त्याची बाजू घेतली. पाणी आणि हवा लागली की लोखंडाला गंज चढतो, म्हणून ते फुगल्यासारखं दिसतं, असं समजावून सांगितलं. मुलांना ते पटत होतं आणि पटवून घ्यायचंही नव्हतं. त्या गडबडीत तिनं नट उचलून घेतला. नखानं एक खपली काढली, तळहातावर चुरली. खाली वाकून पायाखालचा मुरूम चिमटीत घेतला आणि त्या भुकटीशेजारी ठेवला. बराच वेळ ती दोन्हींकडे पाहत राहिली.

"बाई, हे मोठं नाही झालं."

"मग?"

"हे वापस चाललं."

"कुठं गं?"

"मातीत. बाबानं मले दाखवलं होतं, राजहऱ्याच्या खदानीतून गाडीच्या डब्यात भरून लाल दगड येते. त्याचंच लोखंड करतात. हे आता पयल्यासारखं लाल होऊन राहिलं." तिनं तळहात माझ्यासमोर धरला. "त्याले घरची आठवण आली, बाई."

मुलं माझ्याकडे बघत होती. ती काय म्हणाली ते मी हिंदीत सांगावं म्हणून थांबली होती. मी नळाकडे तोंड करून उगाच पदर सारखा केला, मग सांगितलं, "कहती है, लोहे को घर की याद आ गई."

कोणी हसलं नाही. छत्तीसगढी पोरं सोडली तर त्यांच्यातलं इथं जन्मलेलं असं कोण होतं? बंगाली मुलानं काळजीनं विचारलं, मग सगळा कारखानाच एक दिवस उठून निघून गेला तर?

"नाही जात," ती म्हणाली. "बाबा म्हनते, वरून रंग मारतात. मंग त्याले जाता येत नाही."

तेवढ्यात मागे मोठ्या बहनजी उभ्या असल्याचं माझ्या लक्षात आलं. आमच्या मुख्याध्यापिका. शिस्तीच्या, पांढऱ्या साडीतल्या, वयानं माझ्या आईएवढ्या. वर्ग सोडून पोरं माती उकरतायत म्हणून त्या रागावून आल्या असणार. मी घाईघाईनं सगळं सांगायला लागले. भट्टी, पेरणी, नट, आणि शेवटी या मुलीचं म्हणणं.

त्यांनी तिच्या हातातला नट घेतला आणि फिरवून पाहिला. त्या पंजाबच्या ज्या भागातून आल्या होत्या तिथं फाळणीनंतर त्यांना परत जाता येत नव्हतं. कधी त्याबद्दल बोलत नसत. नट त्यांनी परत तिच्या हातात ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "इम्तिहान में 'जंग' ही लिखवाना." मग कार्यालयाकडे चालू लागल्या. पोरांना आत घ्या असंही म्हणाल्या नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी माहेरी निघाले. तिचे वडीलही तिला गावी पोचवायला निघाले होते, म्हणून आम्ही भिलाईतल्याच पावर हाउस नावाच्या स्टेशनवरून एकाच पॅसेंजरनं गेलो. तिनं खिडकी पकडली ती सोडलीच नाही. जवळची झाडं पळतात आणि लांबचे डोंगर आपल्याबरोबर येतात, हे कसं? डोंगरगढ गेल्यावर बाहेरची हवा वेगळी का लागते? रूळ ऊन लागून लांब होतात हे खरं का? वडील संकोचून म्हणाले, "बाईले जरा बसू दे वं." मी म्हटलं, बोलू द्या. मला माझं स्टेशन लवकर येऊ नये असं वाटत होतं, आणि माहेरी जाणाऱ्या बाईला असं वाटणं काही बरं नव्हतं.

त्यांचं स्टेशन आधी आलं. फलाटावर तिची आई उभी होती, कडेवर पोर, डोक्यावर पदर. गाडी पुरती थांबायच्या आत मुलगी दारात पोचली होती. उडी टाकून ती आईच्या पायांना जाऊन बिलगली. आईला धड चालताही येईना. वडलांनी माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं, तेव्हा ती बाई पोर सावरत जवळ आली.

"तुमीच का हिच्या बाई? लई उपकार झाले जी."

मी काहीतरी बोलले. मुलगी आईच्या लुगड्यात तोंड खुपसून होती. गाडी सुटली तरी तिनं वळून पाहिलं नाही. तिनं पाहायचं काही कारणही नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली आणि ती आली नाही. मी आठवडाभर वाट पाहिली. मग पावर हाउसच्या बाजारात तिचे वडील भेटले. हातात पिशवी, पिशवीत दोन माणसांपुरता भाजीपाला.

"तिची माय म्हनते, राहू द्या इथंच. पोरगीबी याले तयार नाही. गावच्याच शाळेत घातलं." मग म्हणाले, "मास्तर म्हनत होता, लई प्रश्न विचारते."

"मग उत्तरं देतात ना?"

ते हसले. त्यांनी डोळे टिपले की घाम, ते मला कळलं नाही. ते तर आता बायको आणि मुलगी, दोघींनाही सोडून राहत होते.

त्या वर्षीचा वर्ग चांगलाच होता. माझी हिंदी सुधारली होती, पंजाबी पोरगा पुढच्या वर्गात गेला होता आणि मला हसणारं कोणी राहिलं नव्हतं. मी धडा वाचताना मनात म्हणायची, इथं तिनं काय विचारलं असतं? कधी सुचायचं, कधी नाही. मधल्या सुट्टीत डबा उघडून बसले की खुर्चीच्या पायाशी नजर जायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, एवढी पोरं आहेत." खरंच होतं ते. एवढी पोरं होती.

दोनेक वर्षांनी तिची आजी वारली. वडलांना सेक्टर दोनमध्येच क्वार्टर मिळालं होतं, आणि आई दोन्ही मुलांना घेऊन भिलाईला आली. मुलगी आता मोठ्यांच्या शाळेत जायला लागली होती. मला हे काही महिन्यांनी कळलं, तशी मी एका रविवारी सकाळी गेले.

ती उंच झाली होती. दारात मला पाहून लाजली आणि आत पळाली, मग पाणी घेऊन आली. आईनं पोहे केले. घर नीटनेटकं होतं, अंगणात वांग्याची चार झाडं लावली होती. वडील सुट्टीचे, बाजेवर बसून धाकट्याला खेळवत होते. इतके दिवस मी त्या माणसाला असं पाय पसरून बसलेलं पाहिलं नव्हतं.

"शाळेत काय शिकवतात आता?" मी तिला विचारलं.

तिनं हात मागे बांधून, हिंदीत, भरभर म्हणून दाखवलं. पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांचा पाऊस. एकही चूक नव्हती. मी 'शाब्बास' म्हटलं.

"आता शहाणी झाली," आई म्हणाली. "पयले नुसतं डोकं खात होती माझं. हे कावून, ते कावून."

"गावची आठवण येते का गं?" मी विचारलं.

तिला माझा प्रश्नच नवलाचा वाटला. "माय त इथंच आहे ना," ती म्हणाली.

बाहेरून तिच्या मैत्रिणींनी हाक मारली. तिनं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली, आणि ती धावत गेली. बाहेर ती त्यांच्याशी काय बोलत होती ते मला ऐकू येत होतं, स्वच्छ हिंदीत, कोणाचा डाव आहे यावरून भांडण. तिला तसं पळताना मी माझ्या वर्गात कधी पाहिलं नव्हतं. ती सुखात होती, हे कोणालाही दिसलं असतं. मलाही दिसलं, आणि मला बरंही वाटलं. पण मी ज्या मुलीला भेटायला गेले होते ती त्या घरात कुठंच नव्हती. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पोहे संपवले आणि आईला पोह्यांची चव कशी आली ते विचारत बसले.

आई मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. "येत जा बाई," ती म्हणाली. मी काही वेळा गेलेही. पुढे आमचं क्वार्टर बदललं, मग नवऱ्याची बदली झाली, आणि जाणं सुटलं.

मी त्यानंतर पुष्कळ वर्षं शिकवलं. हुशार मुलं पाहिली, फार हुशारही पाहिली. ती मुलगी पुढे काय झाली ते मला माहीत नाही. आता तिला नातवंडं असतील. ती पोरं तिला हे कावून, ते कावून विचारत असतील, आणि ती हातातलं काम सोडून त्यांच्याजवळ बसत असेल. त्यांना ती काय सांगते, एवढंच मला एकदा बाजूला बसून ऐकायचं होतं.